पहिले मत देण्यापूर्वी



विधानसभेसाठी आपले अंजनगाव सुर्जी दर्यापूर मतदारसंघात येते. हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे उमेदवार त्या प्रवर्गातील हवा. मत मात्र सर्वांनी द्यायचे.

१. नावांचा क्रम : मतदान यंत्रावर वर नाव असणे हा मान नव्हे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, त्यानंतर अपक्ष उमेदवार येतात. प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमाने असतात.

२. नोटा : सर्वांत शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय २०१३ पासून आहे. विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांपैकी पुढे असलेलाच निवडून येतो.

३. सारखी नावे : २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते मिळाली होती. त्यांतली किती चुकून पडली, कोण सांगणार? २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्रही असते. म्हणून नाव, छायाचित्र आणि चिन्ह तिन्ही पाहा, मगच निळे बटण दाबा. शेजारच्या यंत्रात चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तीही वाचा.

४. गुप्तता : आपले मत कोणालाही, अगदी घरच्यांनाही, सांगण्याचे बंधन नाही.

चर्चेसाठी प्रश्न : उमेदवाराचे शपथपत्र सर्वांना पाहता येते. त्यात आपण काय शोधाल?