परसातील झाडे कोणाची?

पहिल्या मनुष्यास देवाने बाग दिली ती मालकीहक्काने नव्हे, तर राखणीसाठी. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लेकरांसही ठाऊक आहे. परंतु ती आपल्या घरामागील परसास लावून पाहणारे थोडेच. आज त्याचाच विचार करू.

नव्याने विश्वासात आलेले कित्येक बंधू मोठ्या आवेशाने रुई उपटतात, बेल तोडतात, उंबरावर कुऱ्हाड घालतात. कारण एवढेच की, रुईच्या पानांची माळ मारुतीस घालतात, बेल महादेवास वाहतात व उंबराखाली दत्ताच्या पादुका असतात. आम्हीही सेवेच्या आरंभी दारचा उंबर याच कारणाने तोडविला. त्यानंतर तांबट पक्ष्याची टुकटुक अंगणात ऐकू येईना, तेव्हा आपण कोणाचे घर मोडले हे आमच्या ध्यानी आले.

शेजारी एखाद्या झाडाची पूजा करतो, म्हणून त्या झाडाचा निर्माणकर्ता बदलत नाही. मूर्तीपुढील अन्नाविषयी पौलाने करिंथच्या मंडळीस जे शिकविले (१ करिंथ, अध्याय ८ व १०), ते येथेही लागू आहे: भूमीतून जे उगवते त्याचा धनी एकच. आपण झाडाची पूजा करीत नाही. तसाच त्याचा द्वेषही करू नये.

आता ही झाडे काय करितात ते पाहा. नारिंगी पंखांचे, काळ्या कडांचे एक फुलपाखरू रुईच्या पानावर अंडी घालते, व त्याच्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. लिंबोणी, कढीलिंब व बेल यांवर दुसऱ्या जातीची अळी वाढते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. उंबराची फुले फळाच्या आत असतात. एक बारीक कीटक आत शिरतो, तेव्हाच त्यांत बी धरते. आणि त्या फळांवर तांबट, हरियाल, बुलबुल व रात्री वटवाघळे आपले पोट भरतात. उलट, अमेरिकेतून आलेल्या घाणेरीच्या फुलांतील मध फुलपाखरे पितात खरी, पण तिच्या पानांवर त्यांच्या अळ्यांचे पोषण होत नाही. पाहुण्यास पाणी मिळाले, पण लेकरांस भाकर मिळाली नाही, असे हे होय.

म्हणून पहिल्या पावसानंतर परसाच्या एका कोपऱ्यात बेल किंवा कढीलिंब लावा. उंबर लावावयाचा तर घराच्या भिंतीपासून दूर लावा. त्याची मुळे भिंत फोडितात. रुई आपोआप उगवते. ती कुंपणाशी राहू द्या, मात्र तिचा चीक डोळ्यांस अपाय करतो, हे लेकरांस सांगा. पानांस भोके पडली म्हणून लगेच औषध मारू नका. रोप अगदी कोवळे असेल, तर अळ्या हाताने उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवा.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात वाटेवरील घरट्याचीही आज्ञा आहे. ज्या देवाने एका पक्षिणीची काळजी वाहिली, तो आपल्या परसाचाही हिशेब विचारील.

विचारासाठी प्रश्न:
१. आपल्या परसातील कोणते झाड आपण केवळ शेजाऱ्याच्या पूजेमुळे तोडले?
२. त्या झाडावर कोणाचे पोट भरत होते?
३. या पावसाळ्यात त्याच्या जागी आपण काय लावणार?