औषधाची चाचणी आणि रुग्णाची संमती



चिखलीत एका जुम्म्याच्या नमाजनंतर एका बंधूंनी मला थांबवले. त्यांच्या मातोश्रींना गुडघेदुखीचा जुना त्रास आहे. एका दवाखान्यात त्यांना युनानी औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली होती. बंधूंचे प्रश्न दोन होते. असा सहभाग शरीअतनुसार योग्य आहे काय? आणि, "अम्मी घाबरतील, त्यांना न सांगता मीच सही केली तर चालेल ना?"

पहिला प्रश्न पाहू. उपचार करावेत काय, असे काही अरबांनी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले. वार्धक्याखेरीज प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, असेही स्पष्ट केले (अबू दाऊद). इलाज ठेवला आहे, तर तो शोधणे माणसाचे काम आहे; आणि पारखल्याविना शोध पूर्ण होत नाही. हकीम राझी यांनी सरसामाच्या काही रुग्णांचे रक्त काढले, तर काहींचे मुद्दाम काढले नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना केली. इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये औषध पारखण्याचे नियम दिले. सिंह वा घोड्यावर दिसलेला गुण माणसात दिसेलच असे नाही, हे त्यांनी तेथेच बजावले. म्हणून औषध आपल्या परंपरेचे आहे एवढ्यावरून त्याची पारख टाळता येत नाही.

आपल्या विदर्भातीलच उदाहरण घ्या. कोरोनाकाळात 'आयुष-64' या आयुर्वेदिक औषधाची चाचणी लखनौ, वर्धा व मुंबई येथे 140 रुग्णांवर झाली. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला हे औषध. नेहमीचे उपचार कोणाचेही थांबवले नाहीत. हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नका, अशी कुरआनची आज्ञा आहे (2:195). आवश्यक उपचार बंद करून अनिश्चित औषधाच्या भरवशावर राहणे या आज्ञेच्या विरुद्ध होय. ही मर्यादा पाळून, इतर रुग्णांच्या भल्याच्या हेतूने केलेला सहभाग योग्य आहे, आणि इन्शाअल्लाह पुण्याचाही आहे.

आता दुसरा प्रश्न. प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारात घरच्यांनी त्यांच्या तोंडात एका बाजूने औषध घातले. 'नको' अशी त्यांनी खूण केली होती. परंतु आजारी माणसाला औषध नकोसे वाटतेच, असे घरच्यांना वाटले. शुद्धीवर येताच प्रेषितांनी (स.) याचा जाब विचारला, आणि तेथे हजर असलेल्यांना तेच औषध घ्यायला लावले. हजरत आयशा (र.) यांनी ही घटना सांगितली आहे (बुखारी). घरच्यांचा हेतू प्रेमाचाच होता. तरीही रुग्णाची इच्छा डावलणे मान्य झाले नाही. मग शुद्धीत असलेल्या, समजू शकणाऱ्या आईच्या जागी मुलाने परस्पर सही कशी करावी?

आयुष विभागाच्या 2013 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही युनानी औषधाच्या चाचणीसाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आवश्यक आहे. म्हणून सही वा अंगठा देण्यापूर्वी निःसंकोच विचारा : मंजुरी आहे काय? माझे चालू उपचार थांबणार काय? अपाय झाल्यास खर्च कोण करील? मधूनच बाहेर पडता येईल काय? उत्तरे आपल्या भाषेत मिळाली पाहिजेत. आपणही खरे सांगावे. घरचा काढा, कलौंजी, हिजामा यांपैकी काही चालू असेल तर ते लपवू नये. तसे केल्यास निष्कर्ष बिघडतो, आपल्यालाही अपाय होऊ शकतो, आणि अमानतीत खयानत होते.

त्या बंधूंनी घरी जाऊन सर्व सांगितले. मातोश्रींनी शांतपणे ऐकले आणि वारंवारच्या प्रवासामुळे नकार दिला. तो निर्णयही तितकाच योग्य होता, कारण तो त्यांचा स्वतःचा होता.

शिफा देणारा अल्लाहच आहे. तो सर्व रुग्णांना आरोग्य आणि आपणा सर्वांना सुज्ञता प्रदान करो. आमीन.