खाणीची लोखंडी टोपी आणि विहिरीतील मुरूम

वारूळवाडीच्या शिवारात विहीर खणू लागले म्हणजे प्रथम माती, मग मुरूम, मग फुटका खडक व अखेरीस काळा कातळ लागतो, हे आमच्या शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. मुरूम म्हणजे हवा व पाणी यांनी कुजविलेला कातळच होय. धातूंच्या खाणींतही वरचा थर असाच कुजलेला असतो, आणि खाली काय आहे याची पहिली खूण खाणकऱ्यास तेथेच मिळते.

तांबे, शिसे व जस्त ही बहुधा गंधकाशी संयुक्त होऊन खडकात असतात. पाणी व हवा आत शिरली म्हणजे गंधकाम्ल तयार होते. ते तांब्यास विरघळवून खाली नेते. लोखंड मात्र गंजून वरच राहते व तांबूस, सच्छिद्र दगड बनतो. हीच लोखंडी टोपी. पुढे भूजलाच्या पातळीखाली हवा पोचत नाही, म्हणून तेथे तांबे पुन्हा साचते व तो पट्टा मूळ खनिजाहून सकस होतो. राजस्थानातील राजपुरा-दरिबा येथे अशी टोपी असून तेथील खाणकाम फार प्राचीन आहे. तथापि प्रत्येक टोपीखाली धन असतेच असे नाही.

गोव्यात प्रकार निराळा. तेथे लोखंड व गार यांचे पट्टे असलेल्या खडकातून पाण्याने गार विरघळवून नेली, व जांभ्याखाली भुकटीसारखे सकस लोहखनिज उरले. परंतु हाच थर गावाचे पाणीही साठवितो. खाण भूजलाखाली गेली व पाण्याचा उपसा सुरू झाला की भोवतालच्या विहिरी आटतात. डिचोली तालुक्यातील शिरगावाने हे दुःख भोगले आहे.

आपल्या जुन्नर भागातील काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यातील हिरवा रंग बहुधा लोहयुक्त मातकट खनिजाचा असतो, तांब्याचा नव्हे. चकाकणारे स्फटिकही धातू नव्हेत. तेव्हा विहिरीत हिरवा दगड दिसला म्हणून कोणी तांब्याचे आमिष दाखविल्यास पैसा अथवा जमीन देण्यापूर्वी शासनाच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडे विचारणा करावी.

आपल्या कुजलेल्या थराचे धन पाणी हेच आहे. विहिरीभोवतालचा मुरूम रस्त्याच्या भरावासाठी विकून टाकणे म्हणजे स्वतःच्याच विहिरीचे पाणी विकण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.