पाण्याच्या खटल्यात आधी आकडा वाचा

पर्यावरण कायद्याची वकिली करायची म्हणून पाण्याच्या प्रकरणांकडे वळणाऱ्या तरुणांचं लक्ष सगळ्यात आधी पर्यावरण मंजुरीकडे जातं. मंजुरी घेतली का, जनसुनावणी रीतसर झाली का, अहवालात काय दडवलं, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. तरी या कामातून माझ्या मनात पक्कं बसलेलं मत असं, की नदीचं पाणी मंजुरीच्या टप्प्यावर क्वचितच हातचं जातं. ते त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं: पाणी किती लागेल या अंदाजात, आणि तेवढं पाणी विकत घेऊच अशा हमीत. मंजुरीची फाईल उघडते तेव्हा तो आकडा ठरून, सही होऊन, परिशिष्टात जाऊन बसलेला असतो. म्हणून नव्या वकिलांना माझं सांगणं आहे, की कायद्याच्या कलमांआधी त्या आकड्यापर्यंत पोचा. हे पटवायला मला दूर जावं लागत नाही. भिलाईच्या शेजारी, दुर्ग जिल्ह्यातल्या बोरईला, शिवनाथच्या काठावर याचा पुरावा आहे.

गडचिरोलीला लागून असलेल्या डोंगराळ भागाकडून येणारी शिवनाथ दुर्गजवळून पुढे जाऊन महानदीला मिळते. बोरईच्या औद्योगिक केंद्राला या नदीचं पाणी पुरवण्यासाठी ५ ऑक्टोबर १९९८ रोजी, म्हणजे छत्तीसगड राज्य व्हायच्या दोन वर्षं आधी, मध्य प्रदेश औद्योगिक केंद्र विकास निगमाच्या रायपूर शाखा-कंपनीने रेडियस वॉटर लिमिटेडशी करार केला. बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि मुदतीअखेर परत करा, अशा पद्धतीचा तो करार २२ वर्षांचा होता. निगमाची आधीची पाणीपुरवठ्याची मालमत्ता एक रुपया नाममात्र दराने कंपनीकडे गेली. आणि निगमाने हमी दिली, की रोज ४० लाख लिटर पाण्याचे पैसे आपण देऊ, कारखान्यांनी ते उचललं तरी आणि न उचललं तरी. माझ्या मते सगळं प्रकरण या शेवटच्या वाक्यात आहे. कारखान्यांची प्रत्यक्ष मागणी हमीच्या खाली राहिली, की उरलेल्या, कुणी न वापरलेल्या पाण्याचं बिल सार्वजनिक पैशातून भरायचं. पुढे मोहलाईसारख्या काठच्या गावांतून मासेमारी आणि पाणी उपसण्यावर अडवणूक होत असल्याच्या तक्रारी आल्या, आंदोलन झालं, देशभर बातम्या आल्या. २००३ मध्ये राज्य सरकारने करार रद्द करण्याची घोषणा केली, पण करार चालूच राहिला. मार्च २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने करारावर कडक ताशेरे ओढले, तो रद्द करून मालमत्ता परत घ्यावी अशी शिफारस केली. सरकार करार मोडायचा म्हणतं, विधिमंडळाची समिती मोडा म्हणते, आणि तरी तो मोडत नाही, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने थांबून विचार करावा अशी आहे.

मोडत नाही, कारण परवानग्यांच्या कायद्याचं जाळं त्या कागदावर पडतच नाही. १९९४ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत नदीखोरे प्रकल्प होते, पण ते जलविद्युत, मोठं सिंचन आणि पूरनियंत्रणाच्या अंगाने. २००६ च्या अधिसूचनेतही मोजमाप मेगावॉट आणि लाभक्षेत्राचं आहे. केवळ कारखान्यांना पाणी देणारा मध्यम आकाराचा बंधारा, ज्याला आमच्याकडे एनीकट म्हणतात, या मोजपट्टीत सहज बसत नाही. १९७४ च्या जल कायद्याचं संमतीपत्र मुख्यतः काय सोडता ते पाहतं, किती उचलता ते नाही. त्याच कायद्याचं कलम २४ प्रवाह अडवण्याबद्दल बोलतं, पण त्या अडवणुकीने प्रदूषण बरंच वाढतं हे दाखवावं लागतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने आलं. त्याच्या अनुसूचीत जल, हवा, वन, जैवविविधता असे कायदे आहेत, राज्याचा सिंचन कायदा नाही. म्हणजे पाणी कुणाला द्यायचं हा मूळ निर्णय भोपाळच्या खंडपीठापुढे सरळ नेता येत नाही. उलट ज्या कारखान्याला मंजुरी लागते, तो अर्जाला पाणी उपलब्धतेचं पत्र जोडतो आणि तज्ज्ञ समिती ते पत्र गृहीत धरून पुढे जाते. पत्राच्या मागचा हिशेब कुणी मागत नाही. तो वकिलाने मागायचा असतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे: नदी विकली हे खोटं आहे, विकला गेला तो पुरवठ्याचा ठेका. कायद्याच्या दृष्टीने आक्षेप बरोबर आहे. कराराने नदीची मालकी कुणाकडे गेली नाही. जाऊच शकत नव्हती. या भागाला लागू असलेल्या १९३१ च्या सिंचन कायद्याने नैसर्गिक स्रोतातल्या पाण्यावरचे हक्क शासनाकडे आहेत. आंदोलनाला ‘नदी विकली’ ही घोषणा लागते, तिने लोक उभे राहतात, आणि मी तिचा अनादर करणार नाही. पण तीच घोषणा याचिकेच्या पहिल्या परिच्छेदात घातली, तर समोरचा वकील पाच मिनिटांत मालकीचा मुद्दा खोडून काढतो आणि न्यायालयाच्या मनात उरलेल्या बाजूविषयीही शंका येते. त्याऐवजी विचारा: हक्क शासनाचे, तर उद्योग खात्याच्या निगमाने पाण्याची हमी कुठल्या अधिकारात दिली? जलसंसाधन विभागाची संमती करारापूर्वीची की नंतरची? ४० लाख लिटरचा आकडा कुठल्या कारखान्यांच्या कुठल्या मागणीपत्रांवर उभा आहे? हे प्रश्न घोषणेपेक्षा कोरडे आहेत, पण त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

दुसरा आक्षेप अर्थकारणाचा. हमी नसेल तर खासगी गुंतवणूकदार येणार नाही, बँक कर्ज देणार नाही, मग बंधारा बांधणार कोण? मी हे अमान्य करत नाही. मागणीचा धोका कुणीतरी पत्करावा लागतोच. पण तो सगळाच्या सगळा जनतेवर टाकणं ही निवड आहे, अपरिहार्यता नव्हे. हमी टप्प्याटप्प्याने वाढू शकते, प्रत्यक्ष उचलीशी जोडता येते, काही वर्षांनी फेरतपासणीचं कलम घालता येतं. शिवाय सपाट हमीमुळे एक नुकसान होतं जे ताळेबंदात दिसत नाही. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरलं, नदीतून कमी उचललं, तर निगमाचा तोटा वाढतो. म्हणजे पाणी वाचवणं हाच सरकारी यंत्रणेला खड्डा. आणि रोजची ठरावीक लिटरची हमी उन्हाळा ओळखत नाही. शिवनाथ पावसावर चालणारी नदी आहे; एप्रिल-मे महिन्यांत तिच्यात काय उरतं हे काठावरच्या कुणालाही विचारा. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं, सिंचन दुसरं, उद्योग बरेच खाली, असा क्रम होता आणि करार झाला तेव्हा तीच नीती चालू होती. पण नीती बांधील नसते, करार असतो. टंचाईच्या महिन्यात क्रम कुणाचा, हे वाक्य करारातच लिहिलेलं नसेल तर नीतीची प्रत न्यायालयात फडकवून फारसं हाती लागत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. अमरावतीजवळ नांदगावपेठच्या औष्णिक वीजप्रकल्पाला अप्पर वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी मंजूर झालं. हा आकडा बहुतेक जण वाचतात आणि पुढे जातात, कारण दलघमी डोळ्यांपुढे उभं राहत नाही. रोजच्या हिशेबात तो २४ कोटी लिटर होतो, म्हणजे बोरईच्या हमीच्या साठपट. एककं बदलत राहणं ही या क्षेत्रातली जुनी अडचण आहे: नदीचा प्रवाह क्युसेकमध्ये, धरणाचा साठा दलघमीमध्ये, कारखान्याची मागणी दिवसाच्या लिटरमध्ये. सगळं एका एककात आणल्याशिवाय याचिका लिहायला बसू नये. अप्पर वर्धासारख्या वाटपांनी आणखी एक गोष्ट शिकवली. २००५ च्या कायद्याने राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण उभं राहिलं, त्यामुळे शेतीचं पाणी उद्योगाला वळवण्यावर प्रश्न विचारायला जागा मिळाली; पण २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी झालेल्या वाटपांना संरक्षण मिळालं. उशिरा लढणाऱ्याच्या पायाखालचा कायदाच बदलू शकतो, हे लक्षात ठेवावं.

पहिल्या कागदावर घाव घातला तर काय होतं आणि शेवटच्या कागदावर घातला तर काय, याची दोन उदाहरणं मी शेजारी ठेवतो. बियास नदीकाठी एका हॉटेलला दिलेला भाडेपट्टा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात रद्द केला. नदी ही शासनाकडे विश्वस्ताच्या नात्याने असते, हे तत्त्व तिथे भारतीय कायद्यात ठामपणे आलं. तिथे आव्हान थेट पट्ट्याला होतं, म्हणून पट्टा गेला. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात आव्हान पर्यावरण मंजुरीला होतं. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने माहिती दडवल्याबद्दल मंजुरी स्थगित केली, निकाल फार मोलाचा दिला; जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. अटी मिळाल्या हेही थोडं नाही. पण प्रकल्प व्हावा की नाही हा प्रश्न तोवर मागे पडला होता. विश्वस्त तत्त्व बोरईच्या करारापूर्वी दोन वर्षं देशाचा कायदा होता. सही होत होती तेव्हा तो करार हातात घेऊन न्यायालयात जाणारं कुणी असतं, तर पुढची कहाणी वेगळी होण्याची संधी तरी राहिली असती. हमीवर गुंतवणूक झाली, बंधारा उभा राहिला, की न्यायालयापुढे भरपाईचा प्रश्न येऊन बसतो आणि नदी मागे सरकते.

भिलाईत बसून पाण्याच्या वाटपावर बोलणाऱ्याला उद्योगविरोधी म्हणतात, तेव्हा उत्तर द्यायला हवं. हे शहर पोलादावर उभं आहे, आणि पोलाद पाण्यावर. गंगरेल आणि तांदुळा धरणांच्या पाण्याशिवाय इथली भट्टी पेटत नाही, विदर्भातून आलेली कितीतरी मराठी घरं याच भट्टीवर जगली. कारखान्याला पाणी नको असं मी म्हणत नाही. जेवढं लागतं तेवढ्याचाच करार व्हावा, एवढंच म्हणतो. फुगवलेला आकडा उद्योगालाही महाग पडतो, कारण न वापरलेल्या पाण्याचा भार शेवटी दरात येतो. शिवाय १२ मार्च २०१८ ला नेमलेल्या महानदी जलविवाद न्यायाधिकरणापुढे छत्तीसगड आणि ओडिशा पाण्याचा हिशेब मांडत आहेत. शिवनाथ महानदीचीच उपनदी. अशा वेळी खोटी मागणी कागदावर ठेवणं राज्याच्याही हिताचं नाही.

म्हणून प्रकरण हाती आलं की माहिती अधिकारात आधी पाणीवाटपाचा आदेश, त्याला आधार असलेली मागणीपत्रं, करार सर्व परिशिष्टांसह, आणि मासिक उचलीची बिलं मागा. व्यापारी गोपनीयतेचं कारण देतील. तेव्हा सार्वजनिक पैशातून हमी दिली आहे हे दाखवून अपील करा. एखादा निवृत्त सिंचन अभियंता सोबत घ्या, परिशिष्टातलं खरं-खोटं तो तासाभरात सांगतो. करार लोकहिताविरुद्ध असल्याचा मुद्दा १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ वर आणि विश्वस्त तत्त्वावर उच्च न्यायालयात मांडावा. तिथे ठरावीक मुदत नसली तरी उशिराचा जाब विचारला जातो. मंजुरीला आव्हान द्यायचंच असेल तर हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस आहेत, सबळ कारण असेल तर आणखी ६०, त्यापुढे एकही नाही. आणि जुन्या करारांच्या मुदती वहीत मांडून ठेवा. मुदतवाढीचा प्रस्ताव येण्याआधीच्या वर्षात गेल्या सगळ्या वर्षांची बिलं काढली, तर हमी किती आणि उचल किती हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात, आणि नव्या सहीपूर्वी ते विभागाच्या सचिवाला व काठच्या ग्रामसभांना लेखी पाठवता येतात.