सापळा पुस्तके विकतो

पुस्तकांचे दुकान म्हटले की, नव्या कागदाचा वास दरवळणारी एक शांत जागा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. तेथील विक्रेता दिवसभर वाचीत बसत असेल, असे वाटून त्याचा हेवाही वाटतो. हा समज किती भाबडा आहे, हे ‘होंदा’ हे टोपणनाव घेणाऱ्या एका जपानी कलावंताने मोठ्या गमतीने दाखविले आहे.

जपानी भाषेत चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. होंदा यांनी पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली व तेथील अनुभवांवरून एक विनोदी मांगा रचली. ती २०१५ ते २०१९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. २०१८ साली तिच्यावरून हलत्या चित्रांची मालिकाही निघाली. या कथेतील होंदा म्हणजे कमरेला कामाचे वस्त्र बांधलेला हाडांचा सापळा! त्याच्या सोबत्यांपैकी कोणी डोक्यावर कागदी पिशवी घालतो, तर कोणाचे तोंड पट्ट्यांनी गुंडाळलेले असते. मुखवट्यांमुळे सोबत्यांची ओळख झाकली जाते आणि हसू मात्र दुप्पट होते.

या सापळ्याला बसायला उसंत नसते. नव्या पुस्तकांची खोकी येतात. ती फोडायची, पुस्तके मांडायची, जुन्यांना बाजूस सारून नव्यांना जागा करायची. जपानमध्ये न खपलेली बहुतेक पुस्तके वितरकाकडे परत पाठविता येतात. म्हणून परतीची खोकी भरणे हेही एक कामच. पण खरी कसोटी मागणी नोंदविताना लागते. थोड्या प्रती मागविल्या, तर वाचक रिकाम्या हातांनी परततो. फार मागविल्या, तर ढीग तसाच पडून राहतो. विक्रेत्याने अंदाज बांधावा तरी कसा? एखाद्या लेखकाची पुस्तके दुकानात दिसतील की नाहीत, हे पुष्कळदा या अंदाजावरच ठरते.

त्यातच परदेशी गिऱ्हाइके येतात. होंदाचे इंग्रजी तोकडे. एक उंचापुरा पिता आपल्या मुलीला हवी असलेली मांगा शोधीत येतो, तेव्हा होंदाची त्रेधातिरपीट उडते. सापळ्याला घाम कसा फुटतो, हे विचारू नये. चित्रात तो फुटतो खरा! तुटक शब्द, हातवारे व पुष्कळशी नम्रता यांच्या बळावर तो वेळ निभावून नेतो. गिऱ्हाईक हसतमुखाने निघून जाते, आणि होंदा सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो, तोच दुसरे कोणी काही विचारावयास पुढे सरकते.