कैवारी कोणाचा?



मराठी बायबलमध्ये पवित्र आत्म्यासाठी 'कैवारी' हा शब्द येतो. पेंटेकॉस्टच्या सुमारास तो आपण दरवर्षी ऐकतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे, मदतीसाठी शेजारी बोलावून घेतलेला. ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याने बोलवायचे, आणि दुसऱ्याने येऊन त्याच्या शेजारी उभे राहायचे. हे ध्यानात ठेवले, तर आजचा अभ्यास सोपा जाईल.

आपल्या धर्मग्रामातील आजारी-भेट गटाने विचारले आहे की, मानसिक आजार असलेल्यांसाठी आपल्याला काही करता येईल का? मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या काही सेवाभावी संस्थांत अशा कैवाऱ्यांचा गट असतो आणि त्याला एक समन्वयक असतो. कैवारी हा डॉक्टर नव्हे, समुपदेशक नव्हे, काळा कोट घातलेला वकीलही नव्हे. रुग्णाचे जे म्हणणे आहे ते डॉक्टर, घरचे लोक, पोलीस, तहसील कचेरी यांच्यापर्यंत न बदलता पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात फार थोड्यांना ते जमते, कारण चांगल्या माणसाला दुसऱ्याचे म्हणणे सुधारून सांगायची सवय असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला हित आणि इच्छा यांतला भेद शिकवला गेला. पुस्तकात तो कोरडा वाटतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ जण जळून मेले. बरे वाटेल या आशेने त्यांना त्या गावी आणलेले होते. साखळीही 'त्यांच्या हितासाठी'च होती. हित सांगणारे पुष्कळ होते. काय हवे आहे हे विचारणारा कोणी नव्हता.

विचारणारा हवा, ही गोष्ट प्रथम रुग्णांनीच मांडली. जॉन पर्सिव्हल हा इंग्लंडच्या एका पंतप्रधानाचा मुलगा. ऐन तारुण्यात त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले गेले. बाहेर आल्यावर त्याने तिथल्या वागणुकीवर लिहिले, आणि १८४५ मध्ये अशाच काही माणसांसह डांबून ठेवलेल्यांची बाजू घेणारी संस्था उभी केली. त्याच इंग्लंडमध्ये २००९ पासून कायद्याने सक्तीच्या उपचाराखाली असलेल्या रुग्णांना स्वतंत्र कैवारी मिळण्याची तरतूद आहे. मध्ये दीडशेहून अधिक वर्षे गेली!

आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. गटातील प्रत्येकाने त्यातल्या काही गोष्टी पाठच कराव्यात. आजारपणात आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोणताही प्रौढ माणूस स्वतः नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतो. कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हेही आधीच लिहून ठेवता येते. साखळीने बांधण्यास मनाई आहे. मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवून देता येत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, पण ती अटींची आणि ठरावीक मुदतीची आहे, आणि तिच्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कलम ४: एखाद्याने उपचाराबाबत घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, म्हणून त्याला निर्णयच घेता येत नाही असे ठरत नाही.

यासाठी लांब जायला नको. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला, २००६ पासून श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ मध्ये मुंबईत हे काम सुरू केले. एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना त्यांना दिसला. उपचारांनंतर कळले की तो पदवीधर आहे आणि आंध्र प्रदेशात त्याचे घर आहे. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर रस्त्यावर भटकणारे ७,००० हून अधिक रुग्ण घरी पोहोचले होते. या कामात औषधांइतकेच महत्त्वाचे आहे ऐकणे. रुग्णाला आपल्या गावाचे नाव आठवेपर्यंत थांबायचे, त्याची भाषा जाणणारा कार्यकर्ता शोधायचा, आणि त्या कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर घरापर्यंत प्रवास करायचा. कोणाबरोबर कोण जाईल, हे कोणीतरी नीट ठरवल्याशिवाय असे काम चालत नाही.

आपल्या गटातही समन्वयकाचे अर्धे काम हेच असेल. किनाऱ्यावरच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी लागतो. रुग्णाच्या भावकीतला, त्याच्या बोटीवरचा, त्याच्या घराशी पैशाचा व्यवहार असलेला कैवारी पाठवू नये. जाताना दोघांनी जावे. घरात चहा येतो, चहाबरोबर सगळे घर येऊन बसते आणि रुग्ण तोंड उघडत नाही. म्हणून एकाने ओटीवर घरच्यांशी बोलावे. त्यांचेही दुःख मोठे असते, वर्षानुवर्षे रात्री जागून काढलेले ते लोक असतात. दुसऱ्याने रुग्णाबरोबर समुद्राकडे एक फेरी मारावी आणि विचारावे, 'तुला काय व्हावेसे वाटते?' उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहावे. 'रुग्ण अस्वस्थ दिसला' हे आपले मत झाले. 'गोळीने हात थरथरतो, जाळे विणता येत नाही' हे त्याचे म्हणणे, आणि डॉक्टरांना उपयोग याचाच होतो. वहीत नाव नको, क्रमांक पुरे. वही समन्वयकाच्या कपाटात राहील. छोट्या ख्रिस्ती समूहाच्या सभेत, अगदी प्रार्थनेच्या निमित्तानेही, नाव निघता कामा नये.

आता कठीण भाग. समजा, वाडी विकायची आहे. अलिबाग-मुरूड पट्ट्यात जमिनीला भाव आला आहे आणि आजारी भावाची सही हवी आहे. घरचे म्हणतात, पैसा त्याच्याच औषधाला लागेल. ते खोटे बोलत नाहीत. तो म्हणतो, 'मला वाडीतच राहायचे आहे.' कैवाऱ्याला मनातून वाटते की विकणेच शहाणपणाचे. त्याने काय करावे? आपले मत रुग्णाला एकांतात, एकदाच, सरळ सांगावे. तरीही तो नाही म्हणाला, तर घरच्यांपुढे त्याचे 'नाही'च मांडावे, आणि गरज पडली तर त्याला अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे. हे ज्याला झेपत नाही त्याने समन्वयकाला तसे सांगावे. काम दुसऱ्याकडे जाईल, त्यात कमीपणा नाही. महिन्यातून एकदा गट बसेल तेव्हा समन्वयकाने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: हे कोण म्हणाले, तो की तू?

एका ठिकाणी मात्र गुप्तता मोडावी लागते. जिवाला धोका दिसला, तर त्याच क्षणी समन्वयकाला कळवायचे आणि डॉक्टर गाठायचा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो. असे करावे लागेल हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे, म्हणजे नंतर विश्वासघात वाटणार नाही.

समन्वयक धर्मगुरूंनीच व्हावे, अशी सूचना काहींनी केली. आम्हाला ती मान्य नाही. फादरांना 'नाही' म्हणणे आपल्या लोकांना जड जाते, आणि जिथे रुग्णाला 'नाही' म्हणता येत नाही तिथे कैवार उरत नाही. शिवाय पापनिवेदनात ऐकलेले आणि वहीत लिहिलेले यांची नुसती शंकाही कोणाला येऊ नये. गटातल्याच, शक्यतो स्वतः असा आजार अनुभवलेल्या किंवा घरात तो सांभाळलेल्या व्यक्तीने हे काम घ्यावे.

ज्यांना गटात यायचे आहे त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात थांबावे. रुग्णांची नावे मात्र कोणी आणू नयेत. आधी त्यांना विचारून या.