काडीकाटक्यांचा कोळसा : माळाला खत, हाताला काम



अलीकडे ‘बायोचार’ हा शब्द आपल्या कानावर वारंवार पडू लागला आहे. काही जण त्याला जैवकोळसा म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू ओळखीचीच आहे. लाकूडफाटा किंवा काडीकचरा उघड्या हवेत जाळला तर त्याची राख होते. तोच हवा कोंडून, बेताने जाळला तर त्याचा कोळसा होतो. हा कोळसा चुलीत न घालता बारीक करून, शेणकाल्यात मुरवून जमिनीत घातला, की तो बायोचार. राख दोन पावसात वाहून जाते. कोळसा मात्र कुजत नाही, वर्षानुवर्षे मातीत टिकतो. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात जुन्या वस्त्यांच्या जागी काळी सुपीक माती सापडते. त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कोळसा, हाडे, राख आणि उष्टेखरकटे मातीत मिसळले होते. त्या मातीतला कोळसा आजही तसाच दिसतो.

यावर सभासदांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मग साहेब, पाचटाचाच कोळसा करावा का?” त्याचे उत्तर आधी देतो.

पाचटाचे काय करावे?

पाचटाचा कोळसा करण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातच झालेले आहे. पुण्याची ‘आरती’ ही संस्था १९९६ साली सुरू झाली. डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार केली. पिंपात पाचट दाबून भरायचे, पिंपे भट्टीत ठेवून तापवायची आणि पाचटातून निघणारा वायू भट्टीतच जाळायचा, अशी ही रीत. निघालेल्या कोळशाच्या भुकटीत खळ घालून कांड्या पाडायच्या आणि त्या बिनधुराचे सरपण म्हणून वापरायच्या. या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जे पाचट शेतात काडी लावून फुकट जाळले जात होते, त्यातून खेड्यातल्या कुटुंबाला रोजगार देता येतो, हे या कामाने दाखवून दिले.

पण ही तुलना पेटवून दिलेल्या पाचटाशी आहे, हे ध्यानात घ्या. जो सभासद पाचट ठेवतो, त्याने ते शेतातच ठेवावे. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र धरले तरी १५ ते २० किलो नत्र झाले. शिवाय पालाश आणि सेंद्रिय कर्ब वेगळा. कोळसा करताना त्यातले बरेचसे नत्र धुरावाटे उडून जाते. खोडव्यात सरीआड पाचट पसरले, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, की ओल धरते, तण दबते आणि पुढे खत होते. तेव्हा जे कुजते ते कुजवावे आणि जे लवकर कुजत नाही त्याचाच कोळसा करावा, एवढे सूत्र पक्के करा.

मग कोळसा कशाचा?

आपल्याकडे अशा मालाला तोटा नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, डाळिंब-लिंबाच्या छाटणीच्या फांद्या, बांधावरची वाळलेली फाटी, वखारीतल्या साली आणि सर्वांत मुख्य म्हणजे वेडी बाभूळ. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. गायराने, ओढ्याकाठ, तलावाचे पोट, पडीक माळ, जिथे जागा मिळेल तिथे ते घुसले आहे. त्याच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. नुसते वरून तोडले तर बुंध्याला चार फुटवे जास्त येतात. म्हणून ते मुळासकट काढावे लागते आणि मोकळ्या जागेत त्याच पावसाळ्यात मारवेल, पवना यासारखे गवत आणि करंज, कडुनिंब, बोर अशी झाडे लावावी लागतात. तसे केले नाही तर दोन वर्षांत वेडी बाभूळ पुन्हा हजर होते.

खड्ड्याची रीत

यासाठी महागड्या भट्टीची गरज नाही. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने, म्हणजे क्रिडाने, साध्या पत्र्याच्या पिंपाची भट्टी केली आहे. पण सुरुवातीला खड्डाही चालतो.

१) वर चार फूट आणि तळाशी दोन फूट रुंद, अडीच फूट खोल असा उतरत्या बाजूंचा खड्डा घ्या. आसपास गवत, कडबा, गंज नको. वारा पडलेला असावा.

२) माल खडखडीत वाळलेला हवा. मनगटाहून जाड लाकूड फोडून घ्या. ओला माल धूर करतो आणि कोळसा कच्चा राहतो.

३) तळाशी काटक्या रचून वरून पेटवा. चांगला जाळ झाला की पातळ थर टाका. त्या थरावर पांढुरकी राख दिसू लागली की पुढचा थर टाका. वरचा जाळ खालच्या कोळशाची हवा खातो, म्हणून खालचा कोळसा जळून राख होत नाही. धूर फार झाला तर आपण घाई करतो आहोत असे समजा.

४) खड्डा भरला की लगेच विझवा. पाणी असेल तर पाण्याने किंवा पातळ शेणकाल्याने विझवा. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल तर ओलसर मातीने सगळीकडून गच्च लिंपून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. अर्धवट विझलेला कोळसा पोत्यात भरला तर रात्री पोते पेटते.

५) कोळसा झाला की नाही ते असे पाहा. तुकडा कडकन मोडावा आणि हाताला लागलेले काळे साध्या पाण्याने जावे. हात तेलकट झाला तर माल कच्चा आहे.

धगीच्या वायूला वास नसतो, पण तो जिवाला घातक असतो. खड्ड्याजवळ कोणी झोपू नये, लेकरे जवळ येऊ देऊ नयेत. कोळसा कुटताना आधी ओला करावा आणि नाकाला फडके बांधावे.

जमिनीत घालताना

कोरा कोळसा तसाच घालू नका. तो स्वतःच नत्र धरून बसतो आणि पीक पिवळे पडते. चांगले कुजलेले शेणखत दोन भाग, कोळसा एक भाग असा ढीग करा. त्यावर शेणकाला किंवा जीवामृत शिंपून तीन-चार आठवडे मुरू द्या, मगच वापरा.

आता जमिनीचे बोलू. परदेशात कोळशाचे मोठे गुण ऐकू येतात, त्यांतले बरेच आंबट जमिनींतले आहेत. कोळसा स्वतः विम्ल असतो, तो तिथला आंबटपणा मारतो. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या आणि विम्ल आहेत, तेव्हा तो फायदा आपल्याला नाही. आपला फायदा ओल धरण्याचा. म्हणून बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड, हलकी रानं हीच याची खरी जागा. भारी काळ्या किंवा पांढरे फुटलेल्या रानात यावर पैसा घालू नका. तिथे आधी चर काढून निचरा करा. माती परीक्षण केल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

हिशेब

चार-पाच किलो वाळल्या मालापासून एक किलो कोळसा धरा. एकरी दोन टन म्हणजे गुंठ्याला ५० किलो कोळसा. त्याला २०० ते २५० किलो फाटे लागतील. एवढे काम एका खड्ड्यात, दोन माणसांच्या एका दिवसात होते. पण पूर्ण एकराला ४० खड्डे, म्हणजे ८० मजुऱ्या झाल्या! एवढा खर्च उसाच्या एका पिकातून लगेच वसूल होईल, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून आम्ही एकराची शिफारस करीत नाही. हाच ५० किलो कोळसा खतात मुरवून झाडाच्या खड्ड्याला दोन-दोन किलो घातला, तर २५ झाडांना पुरतो. माळावरच्या लागवडीला खरी अडचण पहिल्या उन्हाळ्यात ओल टिकण्याची असते. तिथे हा खर्च पेलतो.

रोजगाराचेही असेच आहे. आपल्या जामखेड, पाटोदा, आष्टी भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन बाहेर पडतात आणि पाडव्यापुढे परततात. तिथून मृगापर्यंत हाताला काम नसते आणि उचलीचा डोंगर डोक्यावर असतो. वेडी बाभूळ काढणे, कोळसा करणे, खड्डे घेणे ही सगळी कामे नेमकी याच दोन महिन्यांतली आहेत. नुसत्या कोळशाने मजुरी निघत नसेल, पण रान साफ करणे आणि लागवड ही कामे ग्रामपंचायतीने रोजगार हमीत मंजूर करून घेतली तर कोळसा हा वरकड लाभ ठरतो.

कुऱ्हाडीला लगाम

एक धोका मात्र उघड बोलला पाहिजे. कोळशाला भाव आला की कुऱ्हाड वेडी बाभूळ आणि गावठी बाभूळ यांत फरक करीत नाही. आपल्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळूनच हिरवे झाले. तेव्हा हिरवे देशी झाड कोळशासाठी तोडायचे नाही, हा नियम गावाने आधी करावा, खड्डा नंतर खणावा. गायरान आपल्या मालकीचे नसते, त्यासाठी ग्रामपंचायत आणि महसूल खात्याची परवानगी लागते. शिवाय १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कोळसा हे वनोपज धरलेले आहे, मग तो वनातला असो वा नसो. म्हणून गावाबाहेर कोळसा नेण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. ‘कार्बन क्रेडिट’च्या नावाने कोणी करारपत्र आणले, तर ते वाचून घेतल्याशिवाय आणि चार जाणत्यांना दाखविल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका.

आमची सूचना एवढीच आहे. येत्या उन्हाळ्यात इच्छुक सभासदांनी एकच खड्डा करावा. हलक्या रानात एक गुंठा कोळशाचा आणि शेजारी एक गुंठा नुसत्या शेणखताचा, असे दोन तुकडे ठेवावेत. दोन्हींना खत-पाणी सारखेच द्यावे. पाळी लांबली तर कोणता ऊस आधी सुकतो, ते डोळ्यांनी पाहावे आणि तोडणीला दोन्हींचे वजन वेगळे करावे. नावे आपल्या गटाच्या ओव्हरसियरकडे नोंदवावीत. वजनाचे आकडे जमले की, ते बरे असोत वा वाईट, याच पानावर छापू.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी खाते